ह्यांना का नाही चालवलं?

"काका, चला, उठा आता. दारापर्यंत जाऊन यायचंय आपल्याला."

२०२२ चा जुलै. हॉस्पिटलातला माझा दुसरा दिवस. आदल्या दिवशी पहाटे हार्ट अटॅक, मग अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, आणि आता ही फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या कॉटशी उभी. माझ्या लेकीहूनही लहान दिसत होती. मला वाटलं चुकून दुसऱ्याच पेशंटकडे आली. बायकोकडे बघितलं, तर तिच्याही चेहऱ्यावर तेच. पण मुलीने हात पुढे केला, मी पाय खाली सोडले आणि आम्ही दोघं वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन आलो. पंधरा-वीस पावलं असतील. परत येऊन बसलो तर कपाळावर घाम. तो श्रमाचा कमी आणि भीतीचा जास्त होता.

संध्याकाळी आईला फोन केला. आई तेव्हा ८७ वर्षांची, घरीच होती. तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, "आई, आज चाललोसुद्धा मी."

ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी? ... मग ह्यांना का नाही रे चालवलं?"

ह्यांना म्हणजे माझ्या बाबांना.

बाबांना अटॅक आला १९७३ साली, गणपतीच्या पंधरा दिवस आधी. आम्ही लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा ४४ वर्षांचे, सरकारी कचेरीत कारकून. मी आठ वर्षांचा. तीन आठवडे ते इस्पितळात पाठीवर पडून होते. आपल्या हाताने जेवायचं नाही, कूस बदलायची तर नर्सला हाक मारायची, असा हुकूम होता. घरी आणलं तेव्हा चाळीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून दोन जिने वर आणलं. मला ती मिरवणूकच वाटली. मी पुढे पुढे उड्या मारत "बाबा आले, बाबा आले" ओरडत होतो, आणि आई मागून डोळे पुसत येत होती.

चारच दिवसांनी अनंत चतुर्दशी. दर वर्षी बाबा चाळीच्या गणपतीबरोबर चौपाटीपर्यंत चालत जायचे. एका वर्षी मला खांद्यावर बसवून नेलं होतं म्हणे, मला आठवत नाही. त्या वर्षी त्यांनी खाटेवरून ढोल ऐकले. पुढे कामावर गेले, पण जपून. बादली उचलायची नाही, भरभर चालायचं नाही, जिना दिवसातून एकदाच. बढती आली ती सोडली, कारण ते खातं तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. अशी तेरा वर्षं काढून १९८६ साली ५७ व्या वर्षी ते गेले. मला अटॅक आला तेव्हा मीही ५७ चाच होतो.

तर आईच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तीन महिने घरी बसायचं होतं, वेळच वेळ होता. सकाळ-संध्याकाळ चालायचं आणि मधल्या वेळात वाचायचं, असा माझा दिनक्रम झाला. डॉक्टर मंडळींनो, काही चुकलं असेल तर कान धरा. :)

पहिले दहा दिवस मी घरातल्या घरात चाललो. स्वयंपाकघरापासून हॉलच्या खिडकीपर्यंत, घड्याळ लावून पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बायको ओट्याशी उभी राहून भाजी चिरता चिरता नजर ठेवायची. "झाली पाच मिनिटं, बसा." मी म्हणायचो, "अजून वीस सेकंद आहेत." संसाराला तीस वर्षं झाल्यावर अशी भांडणं करायला मजा येते.

त्याच दिवसांत विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्लिश डॉक्टरबद्दल वाचलं. चालताना, विशेषतः चढावर, छातीत आवळल्यासारखं दुखतं आणि थांबलं की दुखणं जातं, या विकाराचं नीट वर्णन त्यांनी १७७२ साली छापलं. 'अँजायना' हे नाव त्यांनीच दिलं. त्यांच्या लिखाणात सहज जाता जाता एक नोंद आहे. त्यांचा एक रोगी रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापायचा, आणि तो जवळजवळ बरा झाला. बस, एवढंच. त्याचं पुढे काय करायचं हे कुणाला सुचलं नाही, कारण रोग म्हणजे विश्रांती ही समजूत आपल्या सगळ्यांच्या हाडात मुरलेली असते. साधा ताप आला तरी आपण आधी अंथरूणच घालतो ना?

विश्रांतीच्या बाजूने कारणही तसंच भक्कम होतं. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवलं की हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली तरी माणूस लगेच मरतोच असं नाही, वाचू शकतो. वाचलेल्याला पडून राहायला सांगायचं, हे ओघानेच आलं. मग १९३९ साली बोस्टनच्या पॉल डडली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटॅक येऊन मेलेल्या ७२ जणांची हृदयं तपासली. लहानशी जखम भरून घट्ट व्रण व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, असं त्यांना दिसलं. मग सरळ हिशेब झाला. सहा आठवडे जखम ओली, तर सहा आठवडे हलायचं नाही. ओल्या जखमेवर ताण आला तर हृदय फाटेल ही भीती होती, आणि ती खुळी नव्हती. पायाचं हाड मोडल्यावर प्लास्टर घालतात, तसंच.

पण हृदयाला प्लास्टर घालता येत नाही. माणूस झोपला म्हणून ते काम थांबवत नाही. आणि झोपवलेल्या माणसाच्या बाकीच्या शरीराचं काय होतं, हा हिशेब राहूनच गेला होता. पायांत रक्त साकळतं, त्याच्या गुठळ्या सुटून फुप्फुसात जातात. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, स्नायू वितळतात, आणि माणूस मनाने खचतो तो वेगळाच. १९४७ साली रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी अंथरुणाला खिळण्याचे धोके सांगणारा खरमरीत लेख ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेत लिहिला.

बोस्टनलाच सॅम्युअल लेव्हाइन नावाचे मोठे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या बर्नार्ड लाउन या तरुण डॉक्टरने अटॅक आलेल्या ८१ जणांना पहिल्या आठवड्यातच कॉटवरून उचलून आरामखुर्चीत बसवलं. चालवलं नाही हं, नुसतं बसवलं! १९५२ साली त्यांनी हे छापलं. खुर्चीने कुणाचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही, उलट माणसं लवकर हुशार होत होती. (या लाउन यांनी पुढे अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची जी संघटना काढली तिला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं.)

हे वाचलं त्या आठवड्यात मी बिल्डिंगच्या खाली उतरायला लागलो होतो. शेजारचे आजोबा रोज फाटकाशी उभे असायचे. "अहो, एवढ्यात कशाला? जरा पडून राहा की महिनाभर." मी हसून पुढे जायचो. त्यांच्या त्या आपुलकीच्या वाक्यात हेरिक, व्हाइट सगळे होते, हे त्यांना कुठे माहीत!

आता माझ्या काकाची गोष्ट. बाबांचा धाकटा भाऊ. बेस्टमध्ये कंडक्टर होता, बरीच वर्षं डबल डेकरवर. पायाला भिंगरी लावल्यासारखा माणूस. बाबांना भेटायला यायचा तेव्हा दोन जिने धडाधड चढून यायचा आणि दारातच, "वहिनी, चहा!" बाबा त्याच्याकडे बघत राहायचे. काका ८४ वर्षं जगला.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी नेमकी हीच तुलना केली होती, पण एका घरातल्या दोन भावांची नाही, लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांची. लाल डबल डेकरवर ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर वर-खाली करत रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. एकच नोकरी, एकच शहर, घरची परिस्थितीही सारखीच. १९५३ साली त्यांनी आकडे छापले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. पोस्टमन आणि टपाल खात्यातले बैठं काम करणारे, यांच्यातही तोच फरक दिसला.

लोक म्हणाले, कशावरून? जाडी माणसंच मुळात ड्रायव्हर होत असतील. तेव्हा मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशांच्या मापांची दप्तरं काढली आणि ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पँटींच्या कमरा ताडून पाहिल्या! ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. म्हणजे शंका अगदीच पोकळ नव्हती. तो फरक धरूनसुद्धा बसण्याचा दोष उरतोच, हे पटवायला त्यांना पुढे कित्येक वर्षं अभ्यास करावे लागले. मॉरिस स्वतः ९९ वर्षांचे होऊन २००९ साली गेले, आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्यांनी व्यायाम सोडला नव्हता.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पण आपल्याकडे डबल डेकरला दोन कंडक्टर असायचे. एक वर, एक खाली. भाऊजी कुठे एवढे चढायचे?" घ्या! मॉरिसना आई भेटायला हवी होती. गंमत सोडा, दोन भावांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण मुंबईच्या जुन्या डिझेलच्या डबल डेकर २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या, त्या दिवशी मला काकाची फार आठवण आली.

ऑगस्ट सरता सरता मी शिवाजी पार्कला पोचलो. पार्काच्या कट्ट्याची एक फेरी म्हणजे किलोमीटरहून थोडी जास्त. पहिल्या दिवशी अर्धी फेरी, मधे दोनदा कट्ट्यावर टेकलो. फिजिओने सोपी खूण सांगितली होती, चालताना बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलता येत नसेल तर वेग जास्त, गाता येत असेल तर कमी. मी कट्ट्यावरच्या लोकांची पर्वा न करता तोंडातल्या तोंडात आरती म्हणून बघायचो. आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलात ट्रेडमिलवर, छातीला तारा लावून. बाकीचे दिवस पार्क. पुतणीने पावलं मोजणारा पट्टा दिला आणि रोज दहा हजार व्हायलाच हवीत असं बजावलं. हा आकडा कुठून आला ते शोधलं, तर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं! म्हणजे मुळात जाहिरात. वयस्कर बायकांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेचार हजारांच्या आसपासच फायदा दिसायला लागला होता आणि साडेसात हजारांपुढे तो फारसा वाढत नव्हता. पुतणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही निमित्तं शोधताय." असेल बाबा.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते डॅलसच्या गोष्टीने.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसला पाच धडधाकट तरुणांना, सगळे विशीतले, तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. आजार काही नाही, फक्त झोपायचं. उठल्यावर त्यांची दमसास मोजली, म्हणजे जास्तीत जास्त श्रम करताना शरीर किती प्राणवायू वापरू शकतं ते. ती पाव भागाहून जास्त घसरली होती. मग काही आठवडे कसून व्यायाम करून घेतल्यावर ती परत तर आलीच, काहींची आधीपेक्षा वाढली. हे १९६८ साली छापून आलं. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाचजणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीचे, सुटलेले. तरी त्या तीस वर्षांत त्यांची जेवढी दमसास गेली होती, त्यापेक्षा जास्त विशीतल्या त्या तीन आठवड्यांत गेली होती.

तीन आठवडे. बाबांना झोपवलं होतं तेवढेच.

आणि ते तर विशीतले निरोगी. बाबा ४४ चे, अटॅक आलेले. त्यानंतर जिन्यावर त्यांना जी धाप लागायची ती सगळी हृदयाची होती, की त्यातली काही अंथरुणाची होती? आम्ही ती हृदयाची समजलो, म्हणून आणखी जपलं, म्हणून ते आणखी कमजोर झाले. हे गणित कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी चिडून शोधत गेलो की तेव्हा कुणालाच कळत नव्हतं का? तर कळत होतं. ज्यांनी सहा आठवडे मोजले त्या पॉल व्हाइट यांनीच १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आल्यावर उपचारांत मोठा भाग घेतला. आयझेनहॉवर जवळजवळ सात आठवडे इस्पितळात होते, पण पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक लढवून जिंकले. व्हाइट स्वतः सायकल चालवत आणि लोकांना चाला, सायकल चालवा म्हणून सांगत फिरत. न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड नावाचे धावण्याचे प्रशिक्षक होते. त्यांच्या चेल्यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकं आणली, आणि १९६२ पासून ऑकलंडमध्ये साधी मध्यमवयीन माणसं, त्यांत अटॅक येऊन गेलेलीही, गप्पा मारत हळूहळू धावायला लागली. अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले, तर सत्तरी ओलांडलेला एक हृदयरोगी धावता धावता त्यांच्यासाठी मागे रेंगाळत राहिला. बॉवरमननी घरी जाऊन जॉगिंगवर पुस्तकच लिहिलं, १९६७ साली.

आणि १९७३? त्या वर्षी टोरांटोचे डॉ. टेरेन्स कॅव्हनॉ आपले हार्ट अटॅकचे काही पेशंट घेऊन बोस्टन मॅरेथॉनला गेले. बेचाळीस किलोमीटर. एप्रिलमध्ये ते लोक तिथे धावले आणि त्याच पावसाळ्यात लालबागला चौघांनी बाबांना खुर्चीत घालून वर आणलं.

राग आला. मग हळूहळू निवला. टोरांटोत जे एका डॉक्टरने केलं ते तेव्हा टोरांटोतल्या बाकीच्या डॉक्टरांनाही धाडसच वाटलं असणार. बाबांच्या डॉक्टरांनी पुस्तकात होतं तेच केलं, आणि मनापासून केलं. शिवाय बाबांना स्टेंट नव्हता, आज मी घेतो त्यातल्या निम्म्याहून जास्त गोळ्या तेव्हा निघायच्या होत्या. नुसतं चालून ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. धावणं म्हणजे विमा नव्हे. धावण्यावर गाजलेलं पुस्तक लिहिणारे जिम फिक्स १९८४ साली धावतानाच गेले, वय ५२. शवविच्छेदनात धमन्या तुंबलेल्या निघाल्या.

पण चालू दिलं असतं तर ती तेरा वर्षं वेगळी गेली असती, एवढं मला वाटतं. एखाद्या अनंत चतुर्दशीला थोडं अंतर तरी.

जानेवारीत माझी स्ट्रेस टेस्ट झाली आणि डॉक्टरांनी हलकं धावायला परवानगी दिली. चार मिनिटं चालायचं, एक मिनिट धावायचं. पहाटे साडेपाचला, अंधारात, कुणी ओळखीचं नको म्हणून. दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर धावलो. शाळा सोडल्यावर बस पकडण्याखेरीज मी कधी धावलो नव्हतो. पोट हलतंय, बुटांचा आवाज येतोय, आणि हृदय... ते आपलं ठकठक करत होतं. खांबाला हात लावून उभा राहिलो आणि का कुणास ठाऊक, मला रडू आलं. शेजारून एक बाई झपझप गेल्या, त्यांनी वळून "ठीक आहात ना?" विचारलं. "हो हो, ठीक आहे," म्हटलं.

आता मी अर्धा तास धावतो, आठवड्यातून तीनदा. वेग विचाराल तर कॉलेजची मुलं चालत पुढे जातात. बाकी दिवस चालणं. (आणि हे वाचून कुणी उद्या पळायला सुटू नका. आधी डॉक्टर, मग बूट.)

आईला हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यांत सांगत गेलो. डॅलसचं सांगावं की नाही, महिनाभर ठरत नव्हतं. शेवटी सांगितलं. तिला समजेल अशा बेताने, डॉक्टरांनाही तेव्हा माहीत नव्हतं यावर भर देऊन.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदा ते मला न सांगता खाली पेपर आणायला गेले होते. तू शाळेत होतास. वर आले तर हसत होते, पोरासारखे. मी चार दिवस बोलले नाही त्यांच्याशी."

मी म्हटलं, "आई, तू जे केलंस ते त्यांच्यासाठीच केलंस."

"ते झालंच रे," ती म्हणाली. "पण हसत होते."

आई आता नव्वदीची आहे. गेल्या वर्षी पाय मुरगळून आठ दिवस झोपून होती. नवव्या दिवशी मी हात पुढे केला, "चल, दारापर्यंत जाऊन येऊ." कुरकुरली, पण उठली. हल्ली रोज संध्याकाळी काठी घेऊन पॅसेजमध्ये चार फेऱ्या घालते आणि चुकून तीनच झाल्या तर मला सांगते, उद्या पाच घालीन म्हणून.

असो. पहाटे साडेपाचला उठायचंय. झोपतो.